खिडकीतून मनोरा दिसतोय, घर घ्यावं का?

२००४ च्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराजवळ एका शेतात रिचर्ड बॉक्स या कलावंताने १,३०१ ट्यूबलाइट मातीत उभ्या रोवल्या. ना वायर, ना चोक, ना स्टार्टर, ना बटण. दिवसा त्या नुसत्याच उभ्या होत्या. अंधार पडला तशा सगळ्या नळ्या मंद उजळलेल्या दिसू लागल्या. शेतावरून उच्चदाबाच्या तारा गेल्या होत्या. त्या तारा आणि जमीन यांच्यामधल्या मोकळ्या हवेत जे विद्युत क्षेत्र असतं, त्याच्यावरच त्या पेटल्या होत्या. कुणी जवळून चालत गेलं की आजूबाजूच्या नळ्या मंदावत, कारण नळीतल्या वायूपेक्षा माणसाचं शरीर विजेला सोपी वाट देतं.

हे ऐकून आधी थक्क व्हायला होतं आणि मग धास्ती वाटते. पिंपरी-चिंचवड, कल्याण, नवी मुंबई किंवा नाशिकच्या बाहेरच्या वाढत्या वस्तीत फ्लॅट शोधणाऱ्याला तर हमखास. बजेटमध्ये बसणारं, हवेशीर, रस्त्याला लागून असलेलं घर सापडतं आणि बाल्कनीत गेल्यावर समोर अशाच तारांचा मनोरा उभा दिसतो. बिल्डर दर थोडा खाली आणतो, आई म्हणते नको, शेजारचे म्हणतात आम्ही दहा वर्षं राहतोय, काही झालं नाही. या सगळ्या मतांच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. त्या तारेतून बाहेर नेमकं येतं तरी काय?

भिंत एकाला अडवते, दुसऱ्याला नाही

तारेभोवती दोन वेगळी क्षेत्रं असतात. एक विद्युत क्षेत्र. ते दाबावर, म्हणजे व्होल्टवर अवलंबून असतं. तार जितक्या जास्त केव्हीची (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट), तितकं हे क्षेत्र जास्त. ब्रिस्टलच्या नळ्या याच क्षेत्रावर पेटल्या. पण हे क्षेत्र फार भिडस्त आहे. विटांची भिंत, काँक्रीटचा स्लॅब, झाड, पत्रा, काहीही मध्ये आलं की ते तिथेच थबकतं. ४०० केव्हीच्या तारेखाली उघड्यावर ते मीटरला काही हजार व्होल्ट असू शकतं, पण घराच्या आत त्यातलं फारच थोडं पोहोचतं. शेतात पेटलेली ती नळी दिवाणखान्यात आणून उभी केली तर पेटणार नाही.

दुसरं चुंबकीय क्षेत्र. हे दाबावर नाही, प्रवाहावर, म्हणजे अँपिअरवर अवलंबून असतं आणि भिंतींतून आरपार जातं. ते मायक्रोटेस्लात मोजतात. घराबद्दलचा आरोग्याचा जो काही वाद आहे, तो या दुसऱ्या क्षेत्राचा आहे. इथेच आपला पहिला अंदाज चुकतो. उंच मनोरा आणि त्यावरची लाखो व्होल्टची पाटी पाहून आपण घाबरतो, पण भिंतीतून आत येणाऱ्या क्षेत्राचा व्होल्टशी थेट संबंधच नसतो.

मुळात दाब इतका वाढवायचाच कशाला, तर प्रवाह कमी ठेवण्यासाठी. १९१५ साली टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रातली वीज सुमारे ७० किलोमीटर दूरच्या मुंबईतल्या गिरण्यांना पोचू लागली, तेव्हाही गणित हेच होतं. १०० मेगावॉट वीज ११ केव्हीने पाठवायची तर तारेतून पाच हजारांहून जास्त अँपिअर वाहतील. तीच वीज २२० केव्हीने पाठवली तर सुमारे २६० अँपिअरमध्ये काम भागतं. तार तापून वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून वीस पट दाबाने तेवढ्याच तारेत नासाडी चारशे पट कमी होते. आपण ज्या दाबाला भितो, त्याच दाबामुळे तारेतला प्रवाह आवाक्यात राहतो.

तीन तारा एकमेकींना खोडतात

मनोऱ्यावरच्या तारा मोजून पाहा. सगळ्यात वरची बारीक तार आकाशातल्या विजेपासून संरक्षणासाठी असते. ती सोडली तर बाकीच्या तारांचे तीन-तीनचे संच दिसतील. हे तीन फेज. एका उखळात तीन बायका आळीपाळीने मुसळ घालतात, तसे हे तीन प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा, पण एकामागोमाग एक असे वरखाली होतात. कोणताही क्षण पकडा, तिघांची बेरीज शून्य येते. त्यामुळे दूर उभ्या असलेल्या माणसापर्यंत तिघांची चुंबकीय क्षेत्रं जवळजवळ एकमेकांना खोडूनच पोचतात. एकट्या तारेचं क्षेत्र अंतर दुप्पट झालं की निम्मं होतं. तीन फेजच्या लाइनचं मात्र अंतर दुप्पट झालं की चौथ्या हिश्श्यावर येतं.

आकड्यांत सांगायचं तर, ३०० अँपिअर वाहणाऱ्या एका २२० केव्ही सर्किटच्या तारा एकमेकींपासून साडेपाच मीटरवर आहेत असं धरा. गणिताने ३० मीटरवर क्षेत्र सुमारे ०.६ मायक्रोटेस्ला येतं, ५० मीटरवर सुमारे ०.२, आणि १०० मीटरवर ०.०६. हे अंतर जमिनीवरचं नाही, तारेपासूनचं तिरपं अंतर आहे. म्हणून ‘वरचा मजला घेतला की सुटलो’ हा सल्ला खरा नाही. तारा ज्या उंचीवर आहेत त्या उंचीचा मजला त्यांना सगळ्यात जवळचा असतो.

आता तुलना करा. घरातल्या इस्त्रीपासून एका फुटावर साधारण ०.१ ते ०.३ मायक्रोटेस्ला मोजलं जातं, व्हॅक्यूम क्लीनरपासून तेवढ्याच अंतरावर २ ते २०. पण ही यंत्रं काही मिनिटं चालतात, तार चोवीस तास वाहते. म्हणून महत्त्वाचा आकडा क्षणाचा नाही, दिवसभराच्या सरासरीचा आहे.

खरं आश्चर्य पुढेच आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असेल, तर पूर्ण भारावर त्याच्या घरगुती दाबाच्या बाजूने साडेआठशेच्या आसपास अँपिअर वाहतात. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या २२० केव्हीच्या तारेत जेवढा प्रवाह धरला, त्याच्या दुप्पट-तिप्पट. आणि त्या ट्रान्सफॉर्मरच्या खोलीच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावर कुणाची तरी बेडरूम असू शकते. युरोपातल्या संशोधकांनी अशा इमारती मुद्दाम अभ्यासासाठी निवडल्या आहेत, कारण ट्रान्सफॉर्मरच्या थेट वरच्या घरात क्षेत्र ठळकपणे जास्त असतं आणि त्याच इमारतीतल्या वरच्या घरांत ते नेहमीसारखं असतं. उलट मोठ्या उपकेंद्राच्या कुंपणाबाहेर यंत्रांचं क्षेत्र उरतच नाही. जे असतं ते आत-बाहेर जाणाऱ्या लाइनचं.

सहा हजार किलोमीटरची लाट

लाइनचं ‘रेडिएशन’ असतं असं सर्रास बोललं जातं. पन्नास हर्ट्झच्या लहरीची लांबी काढली तर ती ६,००० किलोमीटर येते. कन्याकुमारीपासून काश्मीरच्या टोकापर्यंत भारताची लांबी सुमारे ३,२०० किलोमीटर आहे, म्हणजे ही एक लाट देशाच्या जवळजवळ दुप्पट. एवढ्या लांबीच्या लाटेसमोर तार फारच तोकडी पडते, त्यामुळे ती मोबाइल टॉवरसारखी ऊर्जा बाहेर फेकत नाही. क्षेत्र तारेला चिकटून राहतं आणि दूर गेलं की विरून जातं. क्ष-किरणांसारखी रेणू तोडण्याची ताकद त्यात नाही. रासायनिक बंध तोडायला जी ऊर्जा लागते, तिच्यापेक्षा या लहरीच्या एका कणाची ऊर्जा दहा लाख कोटी पटींनीही कमी आहे.

मग भीती आली कुठून? १९७९ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी कॅन्सरने दगावलेल्या मुलांच्या घरांजवळच्या विजेच्या तारांची नोंद केली, निरोगी मुलांच्या घरांशी तुलना केली आणि जास्त प्रवाहाच्या तारांजवळ धोका जास्त दिसतो असं मांडलं. त्यानंतर अनेक देशांत अभ्यास झाले. २००० साली ते एकत्र करून पाहिले तेव्हा असं दिसलं की घरातलं सरासरी क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लाच्या खाली असेल तर धोका वाढत नाही. त्यावर असेल तर लहान मुलांतल्या रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसतं. मात्र इतक्या क्षेत्रात राहणारी मुलं शंभरात एकाहूनही कमी होती. या आधारावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली या चुंबकीय क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. याच गटात पूर्व आशियातल्या पारंपरिक लोणच्याच्या भाज्याही आहेत. हा गट धोका किती मोठा हे सांगत नाही, पुरावा किती कच्चा-पक्का हे सांगतो.

पुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. २००५ साली जेराल्ड ड्रेपर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे २९ हजार कर्करोगग्रस्त मुलांची जन्माच्या वेळची घरं नकाशावर तपासली. मोठ्या लाइनपासून ६०० मीटरपर्यंतही रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. पण ६०० मीटरवर लाइनचं क्षेत्र जवळजवळ शून्य असतं, मग कारण क्षेत्र कसं असेल? २०१४ साली त्याच संशोधनाची पुढची आवृत्ती आली, त्यात जास्त वर्षांची माहिती होती. हा वाढीव धोका १९६० आणि ७० च्या दशकांत जन्मलेल्या मुलांत दिसत होता, नंतर तो ओसरून गेला होता. विजेचा वापर तर दरम्यान वाढलाच होता. तारच दोषी असती तर धोका वाढायला हवा होता. म्हणून लाइनजवळ राहणाऱ्या वस्तीत तेव्हा दुसरं काहीतरी वेगळं असावं, याकडे संशय वळला.

प्रयोगशाळेतही हे क्षेत्र कर्करोग कसा घडवेल याची खात्रीशीर यंत्रणा सापडलेली नाही. आणि ते कारण आहे असं धरलं तरी, जगभरात २००० सालच्या हिशोबाने वर्षाला १०० ते २,४०० रुग्ण त्यामुळे असतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. शंका पूर्ण मिटलेली नाही, पण ती लहान आहे, आणि काही मीटर अंतर ठेवलं की आणखी लहान होते.

जीव जातो तो वेगळ्याच कारणाने

भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं मरतात. हा अंदाज नाही, नोंद आहे. म्हणून लाइनजवळच्या घराची खरी परीक्षा मायक्रोटेस्लात नाही, मीटरमध्ये आहे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत इमारत आणि तार यांच्यातलं किमान अंतर ठरवून दिलं आहे. ११ केव्हीपर्यंतच्या तारेपासून आडवं अंतर १.२ मीटर, ३३ केव्हीपर्यंत २ मीटर. तार इमारतीवरून जात असेल तर ३३ केव्हीपर्यंत उभं अंतर ३.७ मीटर. त्यापुढे दर ३३ केव्हीमागे किंवा त्याच्या भागामागे दोन्ही अंतरांत ०.३ मीटरची भर. म्हणजे २२० केव्हीला आडवं ३.८ आणि उभं ५.५ मीटर, ४०० केव्हीला ५.६ आणि ७.३ मीटर. हे कमीत कमी आहे, आरामाचं अंतर नाही.

हे अंतर मोजायचं कधी, तर तार सगळ्यात जास्त लोंबलेली किंवा वाऱ्याने सगळ्यात जास्त झुललेली असेल तेव्हाचं. ॲल्युमिनियमची तार प्रवाहाने आणि उन्हाने तापते, लांबते आणि दोन मनोऱ्यांच्या मध्यावर खाली येते. डिसेंबरच्या सकाळी पाहिलेली तार मे महिन्याच्या दुपारी तितक्याच उंचीवर नसते. आणि आपल्याकडे इमारतही तशीच राहत नाही. बाल्कनीला बाहेर काढलेलं ग्रिल, गच्चीवरचा पत्रा, कपडे वाळत घालायची लोखंडी दांडी, डिश अँटेना, यांनी नकाशावरचं अंतर गुपचूप कमी होत जातं. उच्चदाबाच्या तारेला हात लावावाच लागतो असं नाही. सळई पुरेशी जवळ गेली की हवाच फुटते आणि प्रवाह उडी मारतो. संक्रांतीच्या दिवसांत तारेत अडकलेला पतंग काढायला गेलेली मुलं याच प्रकारे सापडतात.

कोपऱ्यावरच्या डीपीचा, म्हणजे रस्त्याकडेच्या ट्रान्सफॉर्मरचा, धोका आणखी वेगळा. त्यात तेल असतं, उन्हाळ्यात भार वाढला की ते तापतं आणि बिघाड झाला तर पेट घेऊ शकतं. खिडकीसमोर डीपी असेल तर अंतर बघा, आणि रात्री एकदा तिथे उभं राहून आवाज ऐका. ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकत्वामुळे किंचित ताणला-आकसला जातो, तेही पन्नासच्या दुप्पट, सेकंदाला शंभर वेळा. तो सलग घुमारा खोल असतो आणि बंद खिडकीतूनही येतो. ज्याची झोप सावध असते त्याला महिनाभरात तोच नकोसा होतो.

मनोरा वाचायला शिका

समोरची लाइन किती केव्हीची आहे हे कुणाला न विचारताही ओळखता येतं. तार ज्यांना लटकते त्या तबकड्यांची माळ मोजा. १३२ केव्हीला साधारण ९ ते १०, २२० ला १३ ते १४, ४०० ला २३-२४. आता बऱ्याच ठिकाणी तबकड्यांऐवजी सलग पॉलिमरची दांडी असते, तिथे मनोऱ्यावरची धोक्याची पाटी वाचा, तिच्यावर दाब लिहिलेला असतो. ४०० केव्हीला प्रत्येक फेजसाठी बहुधा दोन तारा शेजारी-शेजारी दिसतील. त्या तारांची नावंही मजेदार आहेत. १३२ केव्हीवर पँथर, २२० वर झेब्रा, ४०० वर मूस, सगळी प्राण्यांची. पावसाळ्यात तारेतून येणारा चर्र-चर्र आवाज हा तारेलगतची हवा फुटल्याचा असतो. तो ऐकू आला म्हणजे तार तुटणार असं नाही.

चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्याला येणारी ५०० केव्हीची लाइन तर निराळीच आहे. १९९९ पासून ती सुमारे ७५० किलोमीटर एकदिश प्रवाह वाहून आणते. तिचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रासारखं स्थिर असतं, डोलत नाही.

मोजायचंच असेल तर मोबाइलमधल्या ॲपवर विसंबू नका. फोनमधला सेन्सर होकायंत्रासाठी, म्हणजे पृथ्वीचं स्थिर क्षेत्र टिपण्यासाठी असतो आणि पलंगाच्या लोखंडानेही त्याचा आकडा बदलतो. पन्नास हर्ट्झसाठीचा गॉसमीटर वेगळा मिळतो. एक मायक्रोटेस्ला म्हणजे दहा मिलिगॉस, हे लक्षात ठेवा. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, भार जास्त असताना, पलंगाच्या आणि पाळण्याच्या जागी मोजा.

कागद आणि कॉरिडॉर

लाइनखाली एक अदृश्य पट्टा असतो. २२० केव्हीसाठी तो साधारण ३५ मीटर रुंद, १३२ साठी २७, ११० साठी २२. पारेषण कंपनी बहुतेक वेळा ही जमीन विकत घेत नाही, मालकी शेतकऱ्याकडेच राहते. त्यामुळे गुंठ्यावर प्लॉट घेणाऱ्याची फसगत होते. सातबारावर गुंठे पूर्ण असतात, पण पट्ट्यात येणाऱ्या गुंठ्यांवर घर बांधायची परवानगी मिळत नाही. प्लॉट घेताना टेप घेऊन मधल्या तारेपासून मोजलं तर हा घोळ पाच मिनिटांत उघडा पडतो.

फ्लॅटसाठी मंजूर नकाशा मागा आणि त्यात लाइन दाखवली आहे का ते बघा. महारेराच्या संकेतस्थळावर टाकलेला नकाशा आणि जागेवरचं चित्र जुळतं का तेही पाहा. भोगवटा प्रमाणपत्र असल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘लाइन भूमिगत होणार आहे’ असं तोंडी सांगितलं गेलं तर महापारेषणचं किंवा महावितरणचं मंजुरीपत्र मागा आणि खर्च कोण भरणार ते विचारा. पत्र नसेल तर लाइन आहे तिथेच राहणार असं धरून भाव करा. भूमिगत झालेल्या केबलमध्ये फेज एकमेकींना खेटून असतात, म्हणून बाजूला सरकलं की तिचं क्षेत्र झपाट्याने ओसरतं, पण बरोबर वर ते हवेतल्या तारेपेक्षा जास्त असू शकतं. आणि एक व्यवहार विसरू नका. मनोऱ्यामुळे स्वस्त मिळालेलं घर उद्या विकताना त्याच मनोऱ्यामुळे स्वस्तच जाणार.

तेव्हा निवाडा असा. लाइन पन्नास-साठ मीटरवर आहे, नकाशा मंजूर आहे, भोगवटा आहे, आणि मनोरा रोज बघायला तुमची आणि घरच्यांची हरकत नाही, तर केवळ चुंबकीय क्षेत्राच्या भीतीने चांगलं घर सोडू नका. लाइन वीस-तीस मीटरवर असेल, घरात लहान मूल असेल आणि पर्याय हाताशी असेल, तर पलीकडच्या विंगचा फ्लॅट घ्या, निदान झोपायची खोली दूरच्या बाजूला ठेवा. ट्रान्सफॉर्मरच्या खोलीवरची बेडरूम मोजल्याशिवाय घेऊ नका. पेसमेकर बसवलेल्या माणसाने आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवावं. आणि बाल्कनीतून काठी लांबवली तर तारेजवळ पोचेल असं वाटत असेल, किंवा परवानगीचा कागद कुणी दाखवायला तयार नसेल, तर दर अर्ध्यावर आणला तरी ते घर घेऊ नका.